चपला शेजारच्या दारात

आमच्या शेजारणीला सगळी गल्ली चौकशीबाई म्हणते. खरं तर लोकांच्या चौकशा करत फिरणं हे माझं खातं, आणि ते मी मनापासून सांभाळते. ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात. इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसते, एवढाच तिचा गुन्हा.

त्या खिडकीला काच आहे आणि काचेला मधोमध एक गोल भोक. दिवसभर लोक त्या भोकाला तोंड लावून विचारत असतात. एक्स-रे कुठे काढतात, डॉक्टर आले का, पेशंटला कधी सोडणार, संडास कुठल्या बाजूला. मी एकदा माझा गुडघा दाखवायला गेले होते, तेव्हा बाकावर बसून तिला बराच वेळ पाहिलं. एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, "आमची ही वाचेल ना हो?" आता हे तिने कुठून सांगायचं? मी असते तर म्हटलं असतं, बाबा रे, देवाची खिडकी पलीकडे आहे. ती म्हणाली, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंय का? आधी कॅन्टीनमध्ये जाऊन खाऊन घ्या. मी वॉर्डात फोन करून ठेवते, मग वर जाऊन भेटा त्यांना." म्हातारा गेला. लगेच भोकाला पुढचं तोंड लागलं.

असा तिचा दिवस. संध्याकाळी जिना चढून येते तेव्हा घसा बसलेला असतो आणि चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं असतं, की आता कुणी मला काही म्हणजे काही विचारू नका.

आणि घरात पेंटर.

पेंटर म्हणजे तिचे यजमान, मी त्यांना भाऊजी म्हणते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आमच्या भागातली निम्मी दुकानं अजून त्यांच्या अक्षरात उभी आहेत. तिच्या खिडकीवरची पाटीसुद्धा त्यांनीच रंगवली, आणि ती रंगवता रंगवता शिडीवरून खाली बघण्यातच त्यांचं लग्न जमलं, असं ती अजून लाजत सांगते. माणूस कमालीचा अबोल. लांब रेघ ओढायची असली की श्वाससुद्धा धरून ठेवायचे. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, पेंटरकडून दोन वाक्यं काढण्यापेक्षा वाळलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण काढणं सोपं.

मग काचबिंदू झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणत त्यांनी चालढकल केली, आणि चालढकल होईपर्यंत कडेकडेने अंधार आत आला. एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शेवटचं अक्षर फळीवर मावलंच नाही. दुकानदार काही बोलला नाही. भाऊजींनीच ब्रश धुतले, पुसले आणि घरी आले. ते ब्रश अजून त्यांच्या खिडकीत बरणीत उभे आहेत.

डोळे गेले आणि बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे काय, एकच प्रश्न. "आहेस ना?"

आमची आणि त्यांची भिंत एक. मी भिंतीला लागूनच शिलाई मशीन टाकलंय, त्यामुळे मला नाही म्हटलं तरी सगळं ऐकू येतं, आणि हो म्हटलं तर जास्तच. ती स्वयंपाकघरात गेली की "आहेस ना?" कपडे वाळत घालायला गेली की "आहेस ना?" समोर बसून भाजी निवडत असली, पण जरा हात थांबला, की लगेच "आहेस ना?" आणि दर वेळी तिचं, "आहे." न चिडता. मी कात्री खाली ठेवून भिंतीकडे बघून म्हणायचे, अगं बाई, एकदा तरी ओरड! पण नाही. दिवसभर काचेतल्या भोकातून उत्तरं द्यायची आणि घरी येऊन हे एक उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचं, हेच तिच्या कपाळी.

एकदा तिला विचारलं, "कंटाळा नाही येत तुला?"

"येतो," ती म्हणाली. आणि लगेच इकडेतिकडे बघितलं, भिंतीने ऐकलं की काय म्हणून. "पण त्यांना दिसत नाही गं. त्यांनी काय करायचं?"



पुढचं घडलं ते एका तुटक्या चपलेमुळे. जिन्यात तिच्या चपलेचा पट्टा तुटला. माझ्याकडे जाड सुई असते, म्हणून तिने दोन्ही चपला माझ्या दारात काढल्या आणि अनवाणीच घरी गेली. त्यांचं दार दिवसा नुसतं लोटलेलं असतं, भाऊजी एकटे असतात म्हणून मी अधूनमधून डोकावते. ती आत गेली. पंखा घरघरत होता. भाऊजी खिडकीत बसलेले, तोंड बाहेर. रोजच्यासारखं "आले हं" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि शब्द बाहेर आला नाही. घशाने संपच पुकारला म्हणा ना. दाराजवळ एक लाकडी खुर्ची आहे, तिच्यावर ती हळूच टेकली. मनात म्हणाली, जरा दम खाऊ आणि मग सांगू.

भाऊजींना कळलं नाही. कारण ती आल्याची त्यांची खूण म्हणजे चपला. पाय चाचपत दारापर्यंत जायचं आणि कपाटाच्या बाजूला तिच्या चपला लागतात का ते बघायचं, ही त्यांची पद्धत. चपला आहेत म्हणजे बायको आहे. चपला नाहीत म्हणजे इस्पितळात. आणि त्या दिवशी चपला होत्या माझ्याकडे.

ती मला दुसऱ्या दिवशी हे सांगत होती तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. "अगं, ते एकदम गप्प होते," म्हणाली. "पूर्वी असायचे तसे. हात मांडीवर, मान जराशी वाकडी, पाटी रंगवून झाली की लांब उभं राहून बघायचे ना, तसे. मला वाटलं, हा माणूस कुठे होता इतके दिवस? आणि मीही गप्प. डोक्यातली सगळी गर्दी हळूहळू घरी गेली. किती बरं वाटलं काय सांगू तुला."

"मग?"

"मग गुपचूप उठून बाहेर गेले, आणि पाय आपटत परत आत आले. म्हटलं, आले हं. ते म्हणाले, आज उशीर झाला. मी म्हटलं, हो, खिडकीत गर्दी होती." ती माझ्याकडे बघेना. "खोटं बोलले मी. आंधळ्या माणसाशी."

मी हसले. मला ती गंमतच वाटली. म्हटलं, "स्वतःच्याच घरात चोरी करणारी तूच पहिली! आणि चोरलंस काय, तर जराशी शांतता. घे की. कोणाच्या ताटातलं काढलंस?"

तेव्हापासून तिच्या चपला रोज संध्याकाळी माझ्या दारात. पट्टा मी कधीच शिवून दिला होता. जिना चढून यायची, माझ्या मोरीत साबणाने हात धुवायची, कारण इस्पितळाचा वास भाऊजींच्या नाकाला लगेच लागतो, चपला सरळ लावायची आणि मांजरीच्या पावलांनी स्वतःच्या घरात शिरायची. मी म्हणायचे, "गेली बाई स्वारी." जरा वेळाने पुन्हा बाहेर यायची, चपला घालायची आणि खाड खाड वाजवत जायची. "आले हं!"

पण खाल्लेलं अंगी लागत नाही म्हणतात ना, तसं चाललं होतं तिचं. खुर्चीत शांत बसायची आणि त्याची भरपाई करायला लागायची. घसा बसलेला असला तरी त्यांना वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवायची, अगदी शेवटच्या पानापर्यंत. त्यांची नखं कापायची, डोक्याला तेल लावायची, चांगला आंबा निघाला की त्यांना आणि कोय हिला. भाऊजी म्हणायचे, "अगं किती करतेस." हे ऐकलं की ती जास्तच कोमेजायची. मला म्हणाली, "ते असं म्हणतात ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं."

"मग नको जाऊस चोरून."

"तेही जमत नाही," ती म्हणाली. "दुपारनंतर मला ती खुर्चीच दिसायला लागते."

आणि एका गोष्टीचा अर्थ आम्हा दोघींच्याही लक्षात आला नाही. मी भिंतीला कान लावून बसणारी, मला तरी कळायला हवं होतं. "आहेस ना?" वाढलं होतं. आधी ती नजरेआड, म्हणजे त्यांच्या हिशेबाने आवाजाआड, झाली की विचारायचे. आता ती बोलत असतानासुद्धा मध्येच विचारायला लागले. ती "आहे" म्हणाली तरी थोड्या वेळाने हात पुढे करून तिच्या मनगटाला लावून बघायचे. आम्ही म्हटलं, वय होतंय.

एका संध्याकाळी ती अशीच खुर्चीत बसली होती. भाऊजी खिडकीत. पंखा चालू. आणि भाऊजींनी मान वळवली, नेमकी दाराच्या बाजूला, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आहेस ना?"

तिने उत्तर दिलं नाही.

दिवसाकाठी शेकडो लोकांना उत्तरं देणारी बाई. वाचेल ना म्हणून विचारणाऱ्यालासुद्धा रिकाम्या हाताने परत न पाठवणारी. तिने श्वास धरून ठेवला आणि गप्प बसून राहिली. मला सांगताना म्हणाली, "मला हो म्हणायचं होतं गं. पण हो म्हटलं असतं तर रोजचं सगळं उघडं पडलं असतं. मी घाबरले. नवऱ्याला घाबरले, त्या गरीब माणसाला."

 भाऊजी उठले, भिंत धरत दारापर्यंत आले. तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेले. कपाटाच्या बाजूला पायाने चाचपलं. चपला नव्हत्या. "अरे देवा," असं काहीतरी पुटपुटत परत गेले, आणि फोन हातात घेऊन बटणं मोजत मुलीला लावला.

मुलगी दुसऱ्या गावी असते, नोकरी करते, कडक आहे. भाऊजी तिला म्हणाले, "तुझी आई अजून आली नाही, म्हणून आत्ताच बोलतो. हल्ली मला खोलीत कोणीतरी बसलंय असं वाटतं गं. रोज वाटतं, याच वेळी. श्वास ऐकू येतो. जाऊन बघतो तर कोणी नसतं. डोळे गेले त्याचं मी काही म्हटलं नाही, पण आता कानही फसवायला लागले तर मी कशाच्या भरवशावर राहू? डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं म्हणतो. आईला सांगू नकोस. ती आधीच थकून येते, तिच्या जिवाला आणखी घोर नको."

हे सगळं ती समोर बसून ऐकत होती.

त्या दिवशी ती बाहेर आली ती तिच्या चपलांपाशी माझ्या उंबरठ्यावरच बसली. रडली म्हणजे अशी, की तोंडात पदर कोंबून. आवाज पलीकडे जायला नको ना. मी मशीन थांबवलं, पाणी दिलं. म्हटलं, "हे बघ, सांगू नकोस काही. नुसतं बंद कर. उद्यापासून चपला आपल्या दारात काढ, मोठ्याने आत जा, भास आपोआप थांबेल. डॉक्टर काय, दोन गोळ्या देईल नि सोडेल."

"आणि ते आयुष्यभर समजणार, की आपलं डोकं फिरलं होतं?"

"समजू दे की. तुझी लाज तरी राहील."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गुमान पाण्याचा ग्लास उचलला आणि आत गेले. फटकळ असले तरी कुठे गप्प बसायचं ते कळतं मला, कधी कधी.

पण सांगणं काही सोपं नव्हतं. रोज सकाळी जिन्यात भेटली की म्हणायची, आज सांगते. संध्याकाळी भेटली की मान खाली. चपला मात्र त्या दिवसापासून तिच्या स्वतःच्या दारात गेल्या. आणि पलीकडून ऐकू यायचं, "आहेस ना?" "आहे." "खरंच आहेस ना?" "आहे हो." "हात दे बघू."

रविवारी मुलगी आली. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बायकोला सांगितलेलं, डोळ्यांचं काहीतरी दाखवून येतो. मुलीने फोनवर मला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तिने आता खुणेने विचारलं, काकू, आईला काही कळलं नाही ना? मी कपाळाला हात लावला. या घरात प्रत्येक जण प्रत्येकापासून लपवत होता आणि सगळ्यांचं गाठोडं माझ्याकडे! मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दारातच उभी राहिले. घडणार ते बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

भाऊजींनी काठी घेतली, दाराशी आले. तेवढ्यात ती पुढे झाली आणि त्यांच्या समोर उभी राहिली.

"तुम्हाला भास होत नाहीत," म्हणाली. "ती मी असायचे."

कुणाला काही समजेना. भाऊजींनी विचारलं, "कोण?"

"मी. रोज. चपला शेजारी काढून यायचे आणि या खुर्चीत बसायचे. तुम्हाला कळू न देता."

मुलगी म्हणाली, "आई, काय बोलतेस तू?"

भाऊजींनी हात वर करून तिला थांबवलं. बायकोला विचारलं, "आणि त्या दिवशी मी विचारलं होतं, आहेस ना म्हणून?"

"होते."

"इथेच?"

"इथेच. तुम्ही माझ्या शेजारून गेलात."

मला वाटलं, आता काठी आपटणार.  भाऊजी खुर्ची चाचपून तिच्यावर बसले, आणि त्यांचा चेहरा सैल होत गेला. हसलेच ते. "म्हणजे माझे कान ठीक आहेत," म्हणाले. "अगं, मला बरोबर ऐकू येत होतं! ऐकलंस का," हे मुलीला, "मला सगळं बरोबर ऐकू येत होतं." दोन्ही हात कानांवर फिरवून घेतले त्यांनी. परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा आनंद. आणि ती तिथे उभी, पांढरीफटक. दोन शिव्या मिळाल्या असत्या तर तिला चाललं असतं, पण या आनंदापुढे तिला उभं राहवेना.

मुलगी मात्र भडकली. "आई, तुला काही वाटलं नाही? बाबा रात्र रात्र झोपत नव्हते!"

"वाटलं," ती म्हणाली. "रोज वाटलं."

भाऊजी म्हणाले, "तिला बोलू नकोस." मग बायकोकडे वळून, "पण का गं?"

"मला थोडा वेळ गप्प बसायचं होतं. कुणी काही न विचारता."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, माझा हिला त्रास होतो."

"होतो?"

मी दारातून डोळे वटारून तिला खुणावत होते, नाही म्हण, नाही म्हण.

"होतो," ती म्हणाली.

भाऊजींनी मान हलवली. शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "मग आता डॉक्टरकडे कशाला जायचं. चहा टाक."

त्या दिवसापासून भाऊजींनी विचारणं बंद केलं. एकदम बंद. रागाने नव्हे, राग त्या माणसात नाहीच. ती आली की चपलांचा आवाज ऐकतात, "ये" म्हणतात, आणि खिडकीकडे तोंड करून गप्प बसतात. तिला हवी तेवढी शांतता, हक्काची, चोरी न करता. वर्तमानपत्रसुद्धा नको म्हणतात. मीही शहाण्यासारखं संध्याकाळी मशीन बंद ठेवायला लागले.

आणि तिला ती शांतता सोसेना. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "ते मनात विचारतात गं. ओठ मिटलेले असतात, पण मान जराशी वळते. मला कळतं. विचारतात आणि गिळून टाकतात, माझ्यासाठी."

मग एके दिवशी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "आहे." कुणी विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा, "आहे हं." भाऊजींचा आवाज आला, "माहीत आहे गं. बस तू निवांत." पुन्हा शांत. आणि पुन्हा, "आहे."

परवा त्यांच्याकडे दोरा मागायला गेले. दोरा माझ्याकडे ढीगभर आहे, पण ते सोडा. दार लोटलेलं होतं, चपला कपाटाच्या बाजूला नीट लावलेल्या. भाऊजी खिडकीत, मान छातीवर टेकलेली, मस्त घोरत होते. ती दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर. इतका निवांत वेळ तिला कधी मिळणार? मी हळूच पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "आहे."

मी कुजबुजले, "अगं, झोपलेत ते."

"माहीत आहे," ती म्हणाली.